माझ्या आराखड्यातले चोवीस तास

जहाजावरून तेल सांडलं तर काय करायचं, याचा आराखडा जहाजावर ठेवणं बंधनकारक असतं. जहाजांमुळे होणारं सागरी प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल कराराच्या पहिल्या जोडपत्रातला ३७ वा नियम तसं सांगतो. जहाजावर सगळे त्याला ‘सोपेप’ म्हणतात. दर्यावरची नोकरी सोडून मुंबईतल्या एका जहाज-व्यवस्थापन कंपनीत रुजू झाल्यावर असे आराखडे लिहिणं हे माझं काम झालं. अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळांना रसद पोहोचवणाऱ्या एका जहाजाचा आराखडाही मीच लिहिला. तो मंजूर झाला, पानापानावर शिक्के बसले. आणि तो चुकीचा होता.

सगळ्यात मोठी चूक एका आकड्यात होती. ‘बाहेरची मदत चोवीस तासांत पोहोचेल असे गृहीत धरले आहे,’ हे वाक्य मी कंपनीच्या जुन्या आराखड्यातून जसंच्या तसं उचललं. याच जहाजासाठी, ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांना लागू असलेल्या ध्रुवीय संहितेनुसार लागणारी दुसरी पुस्तिकाही माझ्याकडेच होती. ही संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. जहाज सोडायची वेळ आली तर सुटका होईपर्यंत किमान पाच दिवस लागतील असं धरूनच तयारी करा, असं ती बजावते. तिथे मी इमानेइतबारे पाच दिवस लिहिले. म्हणजे समुद्र तोच, जहाज तेच, लिहिणारा मीच. आणि बुडणाऱ्या माणसांसाठी मदत पाच दिवसांनी येणार होती, तर सांडलेल्या तेलासाठी दुसऱ्याच दिवशी. दोन्ही फायली एकदा शेजारी ठेवून वाचल्या असत्या तर हे तिथल्या तिथे दिसलं असतं. मी वाचल्या नाहीत.

ते चोवीस तास माझ्या मनात मुंबईतच रुजले होते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. उरणच्या बाजूची तिवरं मी तेव्हा पाहिली. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर प्रत्येक मूळ काळं झालं होतं आणि चिखलात पाय टाकला की बाजूने तेलाचा तवंग वर येत होता. पण त्याच दिवसांत तटरक्षक दलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरंही कामाला लागलेली पाहिली. तेल सांडलं की कुणीतरी धावून येतं, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. अंटार्क्टिकाला किनाऱ्यावरचं सरकारच नाही. सोपेपला संपर्काची यादी जोडावी लागते, तिथे मी केपटाऊनचे क्रमांक भरून मोकळा झालो. केपटाऊनहून बर्फाच्या कडेपर्यंत यायला जहाजाचा आठवडा सहज जातो.

तिथे मदत लवकर पोहोचत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. २८ जानेवारी १९८९ ला अर्जेंटिनाचं ‘बाहिया पाराईसो’ हे जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ पाण्याखालच्या खडकावर आदळलं आणि सुमारे सहा लाख लिटर इंधन, बहुतांशी डिझेल, समुद्रात गेलं. तळावरची माणसं हाकेच्या अंतरावर होती, पण एवढं तेल आवरण्याचं सामान त्यांच्यापाशी नव्हतं. ते दूरवरून यायचं होतं. किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांना आणि पक्ष्यांना त्याची झळ बसली. पुढे अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलच्या चौथ्या जोडपत्रात सागरी प्रदूषणाला तोंड देण्याचे आराखडे तयार करण्याचं कलम आलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही केला होता. उल्लेख केला आणि पान उलटलं. त्या घटनेवरून माझ्या जहाजाचा हिशेब मांडला नाही.

दुसरी गोष्ट डिझेलची. १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधन तेल वापरायलाच काय, वाहून न्यायलाही बंदी आहे. त्यामुळे आमच्या जहाजावर फक्त हलकं डिझेल होतं, आणि हलकं तेल उडून जातं या भरवशावर मी निवांत होतो. उघड्या, कोमट पाण्यावर ते बरंचसं उडतंही. बर्फाखाली गेलेलं तेल उडणार कुठे? बर्फाचा तळ सपाट नसतो, तेल त्याच्या खळग्यांत साचतं. थंडी कडक असेल तर खालून नवा बर्फ धरतो आणि तेल दोन थरांमध्ये कोंडलं जातं. कॅनडाच्या बोफर्ट समुद्रात १९७४-७५ च्या हिवाळ्यात मुद्दाम बर्फाखाली तेल सोडून हे पाहिलेलं आहे. ते तेल वसंतात, बर्फातल्या खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांवाटे वर आलं. म्हणजे आज सांडलेलं तेल पक्षी-प्राणी परतण्याच्या हंगामात, भलत्याच ठिकाणी उगवू शकतं. माझ्या आराखड्यात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

या चुका मला कार्यालयात कळल्या नाहीत, जहाजासोबत गेलो तेव्हा कळल्या. जहाज किनाऱ्याला धरून असलेल्या घट्ट बर्फात थांबलं होतं आणि बर्फावरून होज टाकून तळाला डिझेल द्यायचं होतं. त्याआधी सराव घेतला. पारा उणे दहाच्या खाली, वर वारा. तेल आवरायचं सामान ठेवलेला सोपेप लॉकर उघडला तर तेल टिपायच्या भुशाची पोती ओल धरून गोठलेली, फोडल्याशिवाय भुसा निघेना. तेल शोषायचे पॅड कडक झालेले. हवेवर चालणारा वाइल्डन पंप सुरू केला, तो थोड्याच वेळात अडखळला आणि बंद पडला. हवा बाहेर टाकायच्या तोंडाशी बाष्पाचा बर्फ धरला होता. डेकचे स्कपर, म्हणजे पाणी बाहेर जायची भोकं, बंद करायला गेलेल्या पोऱ्याला जाड हातमोज्यांनी प्लग बसवता येईना. त्याने मोजे काढले. मीच त्याला ओरडून परत घालायला लावले. तेल अडवायचा तरंगता बूम मी हट्टाने जहाजावर चढवून घेतला होता. पाण्याचा तिसरा हिस्सा बर्फाने झाकलेला असला की बूमचा फारसा उपयोग राहत नाही, आणि इथे तर तो टाकायला पाणीच नव्हतं. जहाजाच्या मागे त्यानेच फोडलेल्या वाटेत बर्फाचा चुरा भरला होता.

डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, गुहागरकडचा, माझ्याहून वयाने मोठा. तो होजच्या कडेने बर्फावर चालत गेला, जोडांपाशी वाकून पाहून आला आणि म्हणाला, “साहेब, हितं जोड सुटला आन तेल चिरेतनं खाली गेलं, तर आम्ही उभं कुठं रहायचं ते कागदात लिवलंय काय?”

लिहिलं नव्हतं.

त्या रात्री चीफ इंजिनिअर आणि कॅप्टनसोबत बसून आम्ही तेवढ्या एका कामापुरता आराखडा नव्याने केला. होजच्या प्रत्येक जोडाखाली ट्रे. ठरावीक अंतरावर वॉकी-टॉकी घेतलेला माणूस, आणि पंप बंद करण्याचा अधिकार त्यातल्या प्रत्येकाला, कॅप्टनला न विचारता. चिरा जिथे दिसतात तिथे आधीच झेंडे रोवायचे आणि होज त्यांच्यापासून दूर न्यायची. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की काम थांबवायचं, मग तळावाले कितीही घाई करोत. तेल व्यवस्थित उतरलं. पण नशीब साथीला होतं हे मी विसरलेलो नाही.

मुंबईला परतल्यावर पूर्ण आराखडा पुन्हा लिहिला. पहिल्याच पानावर लिहिलं की पाच दिवस कुणी येणार नाही आणि बर्फाखाली गेलेलं तेल जहाजावरच्या साधनांनी काढता येणार नाही. हे वाक्य काढा, मालकाला आवडणार नाही, असा आग्रह झाला. मी ते काढलं नाही, कारण बाकीचं सगळं त्याच वाक्यातून निघतं. बाहेरच्या कवचाला लागून असलेल्या टाक्यांतलं इंधन बर्फात शिरण्याआधी जाळून संपवायचं, हा नियम त्यातूनच आला. नव्या ध्रुवीय जहाजांच्या इंधनटाक्या कवचापासून किमान ७६ सेंटिमीटर आत असाव्या लागतात. आमचं जहाज जुनं, त्याला ते संरक्षण नव्हतं. फुटलेल्या टाकीतलं तेल दुसऱ्या कुठल्या टाकीत ओढायचं आणि त्यासाठी तिथे किती जागा मोकळी ठेवायची, याचा तक्ता केला. भुसा गरम खोलीत हलवला. सराव हातमोजे घालून, अंधारात घ्यायचा असं ठरवलं.

अंधाराची अट उत्तरेकडून घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या हिन्लोपेन सामुद्रधुनीत ‘नॉर्थगायडर’ हे कोळंबी पकडणारं जहाज ध्रुवीय रात्रीत खडकावर चढलं. चौदाही माणसं हेलिकॉप्टरने वाचली. टाक्यांतलं सुमारे तीन लाख लिटर डिझेल जानेवारीत उपसून काढता आलं. सांगाडा मात्र २०२० मध्ये हलला, कारण आदल्या वर्षी बर्फाने तिथे काम करू दिलं नाही. टाक्या शाबूत राहिल्या म्हणून ते तेल हाती लागलं, सांडल्यावर नव्हे.

आर्क्टिकमध्ये जड इंधन तेलावर १ जुलै २०२४ पासून बंदी आली, पण इंधनटाक्या कवचापासून आत सुरक्षित असलेली जहाजं आणि किनारी देशांनी सूट दिलेली जहाजं १ जुलै २०२९ पर्यंत ते बाळगू शकतात. हे तेल थंड पाण्यात घट्ट गोळे होऊन बर्फात अडकतं आणि साध्या पंपाला दाद देत नाही. अशा तेलासाठी खरा आराखडा मला लिहिता येणार नाही, आणि कुणी लिहून दिला तर त्यावर विश्वास ठेवू नये. ही सवलत २०२९ ची वाट न पाहता आजच बंद झाली पाहिजे.