बिडाच्या तव्यावर स्टेक

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप बंद करायचा, हिंजवडीच्या ट्रॅफिकला मनातल्या मनात चार शिव्या हासडायच्या, स्वारगेट गाठायचं आणि साताऱ्याची एसटी पकडायची. गेले आठ महिने माझा वीकेंड असाच सुरू होतो. खंबाटकी घाट मागे पडला की ऑफिसचा ग्रुप म्यूट. मित्र डोळा मारून विचारतात, ‘काय रे, दर आठवड्याला सातारा? कोणी आहे की काय तिकडे?’ आहे ना. अण्णा आहेत. वय एकाहत्तर, गणिताचे रिटायर्ड शिक्षक, आणि आई गेल्यापासून तीन खोल्यांच्या घरात एकटे.

मधल्या काळात अण्णांचं वजन उतरलं. आधी पट्ट्याला एक जादा भोक पडलं, मग दुसरं. डबा लावला होता, पण तो निम्मा परत जायचा. मी म्हटलं, आपण आपल्या हाताने करून घालू. मला स्वयंपाक येतो हो. सहा वर्षं फ्लॅटवर काढली आहेत, रूममेट्सच्या पोटावर प्रयोग केले आहेत. आईची वही काढली, अडलं तिथे सांगलीच्या मावशीला फोन लावला आणि एकेक पदार्थ करत सुटलो. आमटी, भरलं वांगं, सुकं मटण. अण्णा दोन घास खायचे, ‘छान झालंय’ म्हणायचे आणि ताट सरकवायचे. ते ‘छान’ मी ओळखतो. वर्गातल्या कच्च्या पोरांच्या वहीवर ते हेच लिहायचे.

तिसऱ्या-चौथ्या वीकेंडला माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी आईशीच मॅच खेळत होतो आणि ती मॅच मी जिंकणं शक्यच नव्हतं. आईची आमटी म्हटली की समोरचा माणूस तिची चव शोधणारच. त्यापेक्षा आईने आयुष्यात कधीच केलं नाही, असं काहीतरी करावं. आणि असा एकच पदार्थ मला डोळे मिटून जमतो. स्टेक आणि व्हाइट सॉसमधला पास्ता. फ्लॅटवर पगाराच्या दिवशी तो ठरलेला असायचा.

आता स्टेक म्हणजे काय, यावर खरं तर भांडण होऊ शकतं. जगभर स्टेक म्हटलं की गाय-बैलाचं मांस. आपल्याकडे गोहत्येला १९७६च्या कायद्यानेच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. आमच्या घरात ते तसंही कधी शिजलं नसतं. आपल्या पिढीने स्टेक पहिल्यांदा पाहिला तो सिझलरच्या प्लेटमध्ये. कोबीच्या पानावर, धुरात, फ्रेंच फ्राइजच्या ढिगाऱ्यात लपलेला चिकनचा तुकडा. तेव्हा ‘खरा’ स्टेक कुठला वगैरे चर्चा मुंबईकरांसाठी सोडून देऊ. साताऱ्यात स्टेक बोकडाचाच.

पण बोकडाचा स्टेक ही सोपी गोष्ट नाही. मांस चरबीला कमी आणि धाग्याला चिवट. रश्श्यात तासभर रटरटलं तर ते लोण्यासारखं होतं, तव्यावर मात्र चार मिनिटांत चपलेचा तळ. त्यामुळे सगळा खेळ कापण्यात आणि मऊ करण्यात असतो. शनिवारी सकाळी मटणाच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, ‘मांडीचं बोनलेस द्या. पण तुकडे नकोत, धाग्याला आडवे काप हवेत, करंगळीएवढे जाड.’ दुकानदाराने सुरा खाली ठेवला. ‘खिमा करून देऊ का सरळ?’ नको म्हटलं. ‘मग बिर्याणीचे पीस?’ तेही नको. शेवटी त्याने मला आत बोलावलं आणि लाकडी ओंडक्यावर बोट ठेवून ‘इथं का? असं का?’ करत चार काप काढून दिले. मागे रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘पाहुणे कोण यायचेत, साहेब?’

घरी येऊन काप पोळपाटावर ठेवले आणि बत्त्याने हलक्या हाताने ठेचले. मग शेजारच्या काकूंच्या परसातल्या कच्च्या पपईचा कीस चमचाभर, लसूण आणि मिरी लावून बरोबर अर्धा तास ठेवले. घड्याळ लावाच. पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं आणि त्याला थांबायचं कळत नाही. पहिल्यांदा मी रात्रभर ठेवलं होतं, सकाळी वाटीत मटणाची पेज होती.

क्रीम मात्र पुण्यातच विसरलो होतो. पोवई नाक्यापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून साय बघावी, असं म्हणत फ्रिज उघडला.

फ्रिजमध्ये सायीचे पाच डबे होते. आईचे स्टीलचे डबे, एकावर एक. आई रोज दूध तापवून गार झालं की साय काढून ठेवायची आणि आठवड्याने विरजण लावून लोणी काढायची. आईचं माहेर सांगलीकडे, कृष्णाकाठचं. तो सगळा दुधाचाच पट्टा, चितळ्यांची डेअरीसुद्धा १९३९ मध्ये तिकडेच भिलवडीला सुरू झाली. विकतचं तूप ही तिच्या लेखी अपमानाची गोष्ट होती. ती गेल्यावरही अण्णा रोज साय काढत होते. विरजण कसं लावतात ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून नुसते डबे भरत होते. खालच्या तीन डब्यांचं झाकण उघडायची हिंमत झाली नाही.

‘अण्णा, हे कधीपासून साठतंय?’

‘टाकवत नाही,’ एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

वरच्या डब्यात कालची आणि परवाची साय होती, गोड. ती घेतली. इथे एक टीप, हवी तर ऑफिसच्या पॅन्ट्रीत चिकटवा. सॉससाठी साय अजिबात आंबट नको. आंबट साय गरम झाली की फाटते आणि सॉसऐवजी पनीर हातात येतं. म्हशीच्या दुधाची ताजी साय असेल तर कार्टनमधल्या क्रीमची गरजच नाही. पाच-सहा चमचे साय अर्धा कप दुधात घुसळून गुठळ्या मोडून घ्यायच्या, बस.

मावशीचा रोजचा अकराचा फोन आला. मी काय करतोय ते ऐकून ती थोडा वेळ गप्प झाली.

‘पास्ता म्हणजे ती नळीची शेवई न्हवं? मग एवढी मिजास कशाला? खपलीच्या शेवया पाठवल्यात की मी तुझ्या आईला. डबा वरच्या फळीवर आहे बघ.’

आधी हसलो. नंतर पटलं, कारण मावशी शंभर टक्के बरोबर होती. पास्ता ज्या ड्युरम गव्हाच्या रव्याचा करतात तो आणि आपला खपली, दोघेही २८ गुणसूत्रांचे गहू. आपला रोजच्या चपातीचा गहू ४२ गुणसूत्रांचा. सुका पास्ता ड्युरमचाच हवा असा कायदा इटलीने १९६७ मध्ये केला, आणि खपलीच्या जातीचा गहू तिथे फार्रो नावाने मिळतो. इकडे उन्हाळा लागला की बायका शेवया काठीवर वाळत घालायच्या, शिवाय बोटांनी वळलेले गव्हले, नखुले, मालत्या. रुखवतात मांडलेल्या या वाट्या एखाद्या इटालियन आजीला दाखवल्या तर ती बाईही बाही सरसावून खाली बसेल. आपण मात्र मॉलमध्ये जाऊन इम्पोर्टेड पाकीट उचलतो आणि स्वतःला कूल समजतो. अर्थात मीही पुण्याहून पेनेचं पाकीट आणलंच होतं. खपलीच्या शेवया पुढच्या वेळी, असं मावशीला कबूल केलं.

दुपारी बाराला खरी लढाई सुरू झाली. आईचा धिरड्यांचा बिडाचा तवा मोठ्या आचेवर ठेवला. स्टेकला नॉनस्टिक वापरू नका. बीड जड असतं, एकदा तापलं की थंड मांस पडलं तरी त्याची धग उतरत नाही, आणि वरून जो खरपूस तांबूस थर यायला हवा तो त्या धगीनेच येतो. काप टाकण्याआधी पपई पुसून काढायची, कापडाने कोरडे करायचे आणि मग मीठ. ओले टाकले तर भाजत नाहीत, वाफेवर शिजतात.

‘अण्णा, घड्याळ घेऊन या जरा. एका बाजूला दोन मिनिटं.’

खरं तर मोबाइल होता. पण ते आले, हातातलं एचएमटीचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि चष्मा पुसून उभे राहिले. चर्रर्र आवाज झाला. ‘एक मिनिट... दीड... पंचावन्न... पलट!’ वर्गातला आवाज. कितीतरी दिवसांनी ऐकला. दुसऱ्या बाजूला पुन्हा दोन मिनिटं, मग आच कमी करून लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण आणि आणखी दोन मिनिटं. आतून गुलाबी वगैरे आमच्याकडे चालणार नाही, ते पूर्णच शिजवायचं. मग काप ताटलीत काढून पाच मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापलं तर सगळा रस ताटलीत वाहून जातो.

शेजारच्या शेगडीवर दोन लिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून पेने उकळत होता, दोघांसाठी दीडशे ग्रॅम. अण्णा पाकीट हातात घेऊन वाचायला लागले. छापलेलं काहीही वाचतात ते, औषधाच्या डबीतला कागदसुद्धा.

‘अकरा मिनिटं, अल दान्ते. म्हणजे काय रे?’

‘इटालियन आहे. म्हणजे दाताला लागेल असा. किंचित कच्चट ठेवायचा.’

अण्णा काही बोलले नाहीत. पाकिटाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, ‘मग अजून दोन-तीन मिनिटं राहू दे.’

मी झारा हातात धरून तसाच उभा राहिलो. अण्णांना कवळी आहे, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक असतो. वजन उतरलं तशा हिरड्याही बसल्या होत्या आणि कवळी सैल झाली होती. माझं सुकं मटण, नीट न शिजलेली वांग्याची देठं, भाकरीचे कडक पापुद्रे... ‘छान झालंय’ म्हणून ताट सरकवणारा माणूस दुःखात होताच, पण त्याला चावताही येत नव्हतं. आणि मी दर शनिवारी चवीवर मेहनत घेत होतो.

‘आधी कसं खायचात मग? आईचं मटण तर तुम्ही...’

‘ती माझं ताट आतूनच वाढून आणायची,’ अण्णा म्हणाले. ‘कुकरला दोन शिट्ट्या जादा, हाडापासून सोडवलेलं. भाकरी दुधात किंवा रश्श्यात आधीच कुस्करलेली. पोरांसमोर नको म्हणायची.’

ताट आतून वाढून येतं हे मी पंचवीस वर्षं बघत होतो. आमच्याकडे बाप्यांचं ताट असंच येतं, असं समजून त्यावर कॉलेजात असताना आईशी वादही घातला होता. कसला स्त्री-पुरुष समानतेवर लेक्चर झाडलं होतं मी तिला! ती ऐकून घेऊन हसली होती.

पास्ता चौदा मिनिटं शिजवला. इटलीची माफी मागून. निथळण्याआधी त्यातलं वाटीभर पाणी काढून ठेवलं, कारण त्या पिठूळ पाण्यानेच सॉस मिळून येतो. लोण्यात चार पाकळ्या लसूण, त्यावर घुसळलेली साय, मंद आच, थोडं ते पाणी, मिरी, चिमूटभर जायफळ. आच बंद केल्यावर चीजचे दोन क्यूब किसून. स्टेकचे मी सुरीने धाग्याला आडवे, अगदी पातळ काप केले. कागदासारखे. धागाच आखूड झाला की चावायला फारसं उरत नाही. अण्णांचं ताट आत वाढलं आणि बाहेर नेताना क्षणभर थांबलो. मग माझ्या स्टेकचेही तसेच पातळ काप केले. दोन ताटं सारखी.

अण्णांनी काटा-चमचा बाजूला ठेवून हाताने सुरुवात केली. पहिला घास बराच वेळ घोळवला. ‘मीठ कमी आहे,’ म्हणाले. मी जवळजवळ टाळ्याच वाजवणार होतो, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझे मार्क कापले होते. मग म्हणाले, ‘सायीला जायफळ बरं लागतं. तुझी आई बासुंदीला घालायची.’ आईशी मॅच नको म्हणून केलेल्या पदार्थातही ती आलीच. पण ताट सरकवलं गेलं नाही. पास्ता दुसऱ्यांदा घेतला, सॉस बोटाने पुसून घेतला. पांढऱ्या रश्श्याच्या बाजूचं काहीतरी आहे, पण त्यात दम नाही, असा एकूण निकाल लागला.

रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली, मी त्या दिवशी साताऱ्यातून वर्क फ्रॉम होम करायचं ठरवलं. मॅनेजरला काय सांगायचं ते एसटीत बघू म्हटलं. सायीचे खालचे तीन डबे परसात नेऊन रिकामे केले, नाक धरून. चौथ्याला मावशीने फोनवरून सांगितलं तसं विरजण लावलं. अण्णा चमचा-चमचा मोजत होते.

निघताना ते गेटपर्यंत आले. रिक्षा सुरू झाली तेव्हा वाकून म्हणाले, ‘अरे, ते दोन मिनिटं प्रत्येक बाजूला ना? की दोन्ही मिळून?’