आडनाव नसलेली पाटी

अब्बा-अम्मींना उमऱ्याला पाठवायचं ठरलं आणि आम्ही दोघे भाऊ पुण्याहून एसटीने बीडला आलो. पासपोर्टवरचा पत्ता बीडचा, त्यामुळे पोलिस पडताळणीसाठी त्यांना ठाण्यात घेऊन जायचं होतं. बिंदुसरेवरचा पूल ओलांडला की आम्हाला घरी आल्यासारखं वाटतं. या वेळी मात्र लक्ष वेधलं ते ठाण्यातल्या एका टेबलाने.

टेबलावरच्या पाटीवर फक्त नाव आणि हुद्दा. आडनाव नाही. अब्बांनी सवयीने विचारलं, "साहेब, आडनाव?" ते हसले. "नावच पुरे, चाचा."

२०२५च्या सुरुवातीला जिल्ह्याचे पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं आणि पाट्यांवरूनही आडनावं काढली. कारण इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादानंतर तक्रार घेऊन येणारा माणूस आधी आडनाव वाचतो आणि समोरचा 'आपला' की 'त्यांचा' ते मनातच ठरवतो. टेबलापलीकडचाही तेच करत असेल. मुद्दाम नव्हे, न कळत. पण कागद पुढे सरकतो किंवा अडतो तो तिथेच.

रिक्षात बसल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "कल्पना चांगली आहे. पण शिपायाचं नाव सलीम असेल तर काय झाकणार?"

आम्ही दोघे गप्प झालो. पुण्यात खोली शोधताना फोनवर आमचं नाव ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असायची. नाव जिथे खपलं तिथे गाव आडवं यायचं. "बीडचे का?" असं म्हणून एक घरमालक जरा मागेच सरकले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे खजाना बावडीवर गेलो. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याजवळ ही विहीर आहे. निजामशाहीचा जहागीरदार सलाबतखान याने ती १५८२च्या सुमारास बांधली. बांधणारे कारागीर राजा भास्कर, असं सांगतात. भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि भुयारातूनच शेतांकडे जातं. वर उभं राहिलं तर पाणी येतं कुठून, ते दिसत नाही.

पाण्याकडे पाहता पाहता मलिक अंबरचा विषय निघाला. त्याच निजामशाहीचा हा वजीर. जन्म हबश देशातला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. १६१०मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं आणि तिथे भुयारी नहर बांधून पाणी आणलं. बादशहा जहांगीरच्या हाती तो आयुष्यभर लागला नाही. मग बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणवलं आणि अंबरच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत, असं चित्र काढून घेतलं.

"बादशहा असून मन एवढंसं!" अम्मी म्हणाल्या.

"आपलं केवढं आहे?" बहिणीने विचारलं.

तिला काय म्हणायचं होतं, ते सगळ्यांना कळलं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्यासाठी अंबाजोगाईहून स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, नमाजी. पण आडनाव पिंजारी आणि रंग सावळा. घरात पहिला प्रश्न उठला होता, "आपल्यात पिंजाऱ्यांत देतात का?" दुसरा त्याच्या फोटोवरून. आम्ही 'कळवतो' म्हणालो होतो आणि कळवलं नव्हतं. पुण्याच्या घरमालकांनी तरी आमच्याशी याहून वेगळं काय केलं होतं?

हजरत बिलाल यांची अजान आपण मुलांना सांगतो. गोऱ्याला काळ्यावर आणि अरबाला अरब नसलेल्यावर श्रेष्ठत्व नाही, हे पैगंबरांनी (स.) अखेरच्या हजच्या खुतब्यात सांगितलं, हेही सांगतो. आणि बायोडाटा हातात आला की विचारतो, "कौनसे शेख?" पोलिसांच्या टेबलावरची पाटी बदलायला वरून हुकूम आला. घरातल्या पाटीसाठी हुकूम चौदा शतकांपूर्वीच आलेला आहे.

संध्याकाळी अब्बा मगरिब पढून आले. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग बहिणीलाच विचारलं, "बेटा, तुझं काय म्हणणं आहे?" तीन आठवड्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"आधी भेटू तर द्या," ती म्हणाली.

अब्बांनी आमच्याकडे पाहिलं. "फोन लावा. जुम्म्यानंतर या म्हणावं. आणि उशीर झाला त्याची माफी मागा."

अम्मींचा चेहरा उतरलेलाच होता. "बिरादरीत काय सांगायचं?" त्या दोनदा म्हणाल्या. त्या रात्री त्यांना उत्तर कोणी देऊ शकलं नाही. फोन मात्र आम्ही लावला.