तारा तुटला, म्हणजे काय तुटले?

आकाशातून पडणाऱ्या दगडासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. उल्का आहे, अशनी आहे आणि बोलीतला 'तुटलेला तारा' आहे. पहिल्या दोहोंत पाठ्यपुस्तके काटेकोर भेद करतात : वातावरणात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. खांडेकरांच्या १९३४ च्या कादंबरीमुळे 'उल्का'ला साहित्यात मानाचे स्थान मिळाले; 'अशनी' परीक्षेपुरता उरला. 'तुटलेला तारा' मात्र अज्ञानाच्या खात्यावर जमा झाला. आम्हां भाषेच्या मास्तरांना हा निवाडा थोडा घाईचा वाटतो.

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात दगडांचा वर्षाव झाला. अशनीला जवळच्या ठिकाणाचे नाव द्यायचे, अशी जागतिक प्रथा आहे. त्यामुळे संत्र्यांसाठी ओळखला जाणारा हा तालुका जगाच्या अशनीसूचीत नोंदला गेला. हे दगड 'एल' वर्गाचे, म्हणजे कमी लोहाचे अश्मअशनी. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक याच वर्गातले असतात. ते येतात कोठून, हा प्रश्न मात्र फार काळ रेंगाळला होता.

२०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने त्यांचे मूळ मस्सालिया नावाच्या लघुग्रहाच्या कुलात दाखवले. मस्सालिया मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्याच्या आतल्या भागात सूर्याभोवती फिरतो. हाही अश्ममय आहे. व्यास सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने मुंबई-पुणे. १८५२ साली नेपल्सहून दे गास्पारिस यांनी तो प्रथम पाहिला आणि दुसऱ्याच रात्री मार्सेयहून शाकोर्नाक यांनी स्वतंत्रपणे. नाव पडले ते मार्सेयचे प्राचीन ग्रीक नाव. तोवरच्या लघुग्रहांची नावे पुराणकथांतील देवदेवतांची असत. इथे एका बंदराने देवांच्या पंगतीत पाट मांडला. (कुर्ला हे नाव कुर्ल्यांवरून आले असे सांगतात. या ग्रामदेवतेलाही एखादा दगड मिळायला हरकत नसावी.)

आता तुटण्याकडे वळू. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी या वर्गाच्या मूळ पिंडावर प्रचंड आघात झाला. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी त्याच कुलात पुन्हा टक्कर झाली आणि आज आपल्यापर्यंत पोचणारे तुकडे मुख्यतः त्या दुसऱ्या टकरीचे, असे हे संशोधन मांडते. काटोलच्या दगडात तर आघाताची खूणच सापडली. २०२१ मध्ये त्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हे पृथ्वीच्या अंतरंगातले सर्वाधिक विपुल खनिज. पण ते सुमारे ६६० किलोमीटर खोलीखाली असते आणि तिथून हाती येत नाही. जो दाब आपल्या पायांखाली इतक्या खोलवर असतो, तो त्या टकरीने एका दगडात क्षणभर निर्माण केला.

तेव्हा 'तारा तुटला' या वाक्यातले नाम चुकीचे आहे, क्रियापद नाही. लोकांनी आकाशात पडणे पाहिले आणि शब्द वापरला तुटण्याचा. 'उल्कापात' या शास्त्रीय समासात नुसता पात आहे. तुटण्याचा पत्ता नाही. पारिभाषिक शब्दांशिवाय शास्त्र शिकवता येत नाही हे आम्हांला मान्य आहे, आणि बोलीला ब्रिजमनाइट आधीच ठाऊक होते असा भाबडा दावाही आम्ही करणार नाही. पण परिभाषा घडवताना बोलीतली क्रियापदे एकदा तपासून घ्यावीत, एवढे तरी मागता येईल.

कुर्ल्याच्या आकाशात रात्रीही दिव्यांचाच उजेड असतो, आणि मस्सालिया तर गडद अंधारातही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी एकही तारा तुटताना पाहिलेला नाही. काटोलची गोष्ट ऐकून एकीने विचारले, "सर, पेपरात 'तारा तुटला' लिहिले तर गुण कापाल?" मराठीच्या पेपरात नाही, असे आम्ही सांगितले, विज्ञानाच्या शिक्षकांची हमी आम्ही देऊ शकलो नाही.