पंचविसावा हिसका

होडीचे इंजिन आणि मुंजीतला बटू यांच्यांत एक साम्य आहे. सारी मंडळी खोळंबून उभी असली, की नेमके त्याच वेळी दोघे अडून बसतात. बटूला लाडू दाखवता येतो. इंजिनाची समजूत कशी काढावी?

ज्यांना कार्बोरेटर हा शब्द आता जुन्या चित्रपटातल्या मोटारीपुरताच आठवतो, त्यांना सांगतो. मोटारींतून हे प्रकरण केव्हाच हद्दपार झाले, २०२० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही गेले. पण कोकणातल्या लहान होड्यांच्या पाठीला लटकणाऱ्या इंजिनांत ते अजून सुखाने नांदते आहे. अशी लटकती इंजिने लोकप्रिय केली ओली एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने, १९०९ च्या सुमारास. त्याच्या भावी पत्नीला आइसक्रीम हवे झाले, ते तळ्यापलीकडून वल्हवत आणीपर्यंत विरघळले आणि त्या वैतागातून यंत्र जन्मले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, आमच्या घरात ती एकमताने, म्हणजे सौभाग्यवतींच्या मताने, खरी ठरली आहे.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, देवबागला, माझा मावसभाऊ राहतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजण त्याच्या होडीतून पलीकडे भोगव्याला गेलो होतो : बहात्तर वर्षांची आई, सौभाग्यवती, नऊ वर्षांची मुलगी, मी, दादा आणि इंजिनावर दादाचा मुलगा. सकाळी भरतीवर मजेत गेलो. दुपारी तीनला परत निघालो, तेव्हा उधाणाची ओहोटी भरात होती. होडी वाळूवरून ढकलली, पुतण्याने दोरी ओढली. फुर्र. पुन्हा ओढली. फुर्र. मुलगी मोठ्याने हिसके मोजू लागली. तिला गंमत वाटत होती.

ओहोटीला नदीच्या तोंडाशी काय होते, हे आपल्याला दादरच्या चौपाटीवर भेळ खाताना कळत नाही. खाडीतले सारे पाणी एका अरुंद वाटेने बाहेर धावते आणि समुद्राच्या लाटा त्याला उथळ वाळूवर सामोऱ्या येतात. तिथे लाट भिंतीसारखी उभी राहते. होडी तिच्यात आडवी सापडली की उलटलीच. फेसाची ती पांढरी रेघ आता आमच्या बाजूला सरकत होती, म्हणजे अर्थातच आम्ही तिच्याकडे सरकत होतो. दोन वल्ही होती, पण त्या ओढीपुढे त्यांचा पाड लागणार नव्हता. आईने काही न बोलता नातीचा हात धरला. मुलगी बाविसावर मोजायची थांबली.

दादाने इंजिनाकडे पाहिलेदेखील नाही. त्याने आधी नांगर टाकला. दोर ताठ झाला, होडी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली, आणि मग तो म्हणाला, “झिला, खेचूचा थांबव.”

इंजिन बंद पाडणाऱ्या कळीची लाल दोरी जागेवर होती. टाकीच्या झाकणावर हवेचा एक बारीक स्क्रू असतो. तो मिटलेला राहिला तर आत पोकळी होते आणि तेल पुढे सरकत नाही. तोही उघडा होता. मग दादाने प्लग काढला. प्लग कोरडा निघाला तर तेल पोचत नाही असे समजावे, ओला निघाला तर तेल पोचून पेटत नाही. हा ओला होता. दादाने तो हुंगला आणि मुलाकडे वळून विचारले, “सकाळी कशावर बंद केलंस?”

“रॉकेलावर.”

सारे दुखणे त्या एका शब्दात होते. ही इंजिने पेट्रोलवर सुरू करतात, तापली की कॉक फिरवून रॉकेलवर चालवतात, कारण ते स्वस्त पडते. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ कडाक्याच्या थंडीतही होते. रॉकेलला त्यासाठी ३५-४० अंशांची ऊब लागते. म्हणून थांबण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर यायचे, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल शिल्लक राहते. आमच्या वाटीत काठोकाठ रॉकेल होते. कॉक पेट्रोलकडे होता खरा, पण भरल्या वाटीत ते शिरणार कुठून? चोक ओढून मारलेल्या प्रत्येक हिसक्यासरशी थंड रॉकेल तेवढे आत जाऊन प्लग भिजवत होते.

दादाने वाटीखालचा स्क्रू सैल करून रॉकेल एका डब्यात सोडले आणि पेट्रोलचा वास येताच तो आवळला. चोक मिटवून, प्लग काढलेल्या भोकातून इंजिन हळूहळू फिरवून आतला ओलावा बाहेर काढला. प्लग आईच्या पदराला पुसला. (पदर तिनेच पुढे केला होता.) तेविसावा हिसका वाया गेला. चोविसाव्याला खोकला आला. पंचविसाव्याला निळा धूर काढून इंजिन बोलू लागले.

रात्री दादाने इंजिनाची आणखी दुखणी सांगितली. पावसाळ्यात इंजिन पडून राहते, वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकटा जेटचे सुईएवढे भोक बुजवतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते दमट हवेतले पाणी ओढून घेते. फार झाले की पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिन तर तळाचेच पिते. पुतण्या भिंतीला टेकून सगळे ऐकत होता. त्याला कोणी रागावले नाही. मला वाटते, त्यामुळेच त्याला जेवण गेले नाही.

यंदा पावसाच्या तोंडावर दादाचा फोन आला. पोराने आपणहून टाकी आणि वाटी रिकामी करून इंजिन पडवीत टांगले होते, आणि दादाच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

“ता सगळा खरा,” ती म्हणाली, “पण नांगराचो दोर नवो घेतलंस मां?”