कागद जातो कुठे?

मागच्या वर्षी 'अपार'ची संमतिपत्रं भरून घ्यायचं काम आमच्या गळ्यात पडलं. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी कायमचा क्रमांक. त्याला आधार जोडायचं, आणि पुढची सगळी गुणपत्रकं त्यातच जमा होणार. पालकाची सही हवी. कागदावर हे ऐच्छिक आहे, पण रोज दुपारी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर शाळानिहाय टक्केवारी पडते आणि मागे पडलेल्या शाळा लाल रंगात दिसतात. ऐच्छिक गोष्टीची टक्केवारी का काढतात, हे मी बीएडला शिकलो नव्हतो.

उर्दू शाळेत हे काम दुप्पट चालतं. हजेरीपटावर मोहम्मद, आधारवर मो., जन्मदाखल्यावर मोहंमद. एकीकडे शेख आधी, दुसरीकडे शेख शेवटी. संगणकाला ही तीन वेगवेगळी पोरं वाटतात. मग आईबापांना आधार केंद्रावर पाठवायचं, त्यांची एका दिवसाची मजुरी बुडवायची.

सातवीतल्या एका मुलीची आई फॉर्म घेऊन आली. मशीनवर कपडे शिवते. सही करायला पेन उचललं आणि थांबली. "सर, सही करने को बोले तो करतुं. पन ये कागद जाता किधर?"

मी म्हटलं, "वर जातो, आपा."

"उप्पर मतलब कां?"

मला उत्तर येत नव्हतं. वीस वर्षं मी या वस्तीतल्या लोकांकडून माहिती गोळा करतोय. शाळाबाह्य मुलं, आधार, बँक खातं, जात, उत्पन्न, मतदार यादी. घरात शौचालय आहे का, हेसुद्धा मी विचारलंय. दारात मास्तर उभा असला की लोक बोलतात, कारण मास्तरावर विश्वास असतो. तो विश्वास मी कुणाच्या हवाली करतोय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. या कायद्याबद्दल मला जरा अभिमान आहे. देशाचा कायदा 2005 चा, पण महाराष्ट्राने आपला 2002 लाच केला होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं: विद्यार्थ्यांची ही माहिती कोणकोणत्या कार्यालयांना आणि खासगी कंपन्यांना दिली जाते? सत्ताविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेब चांगले बोलले, चहासुद्धा मागवला. "सर, तुम्ही शिकवता छान असं ऐकलंय. शिकवा ना."

कागद कुठे जातो ते कळलं नाही. पण मी अर्ज केलाय ही बातमी दोन दिवसांत माझ्या शाळेत, मग मशिदीच्या कट्ट्यावर आणि शेवटी माझ्या अम्मीपर्यंत पोचली. अम्मी एवढंच म्हणाली, "अपने लोगां को पूछना अच्छा नै बेटा. नजर में आते."

नजरेत येण्याची ही भीती आमच्या मोहल्ल्यात पेगाससच्या फार आधीची आहे. भाऊ आखातात आहे. त्याच्याशी फोनवर बोलताना अम्मी अजूनही बातम्यांचा विषय निघाला की "वो बात छोड" म्हणते. 2021 च्या जुलैत पेगाससचं प्रकरण छापून आलं तेव्हा स्टाफरूममधले बाकीचे शिक्षक हादरले होते. आमच्या गल्लीत कुणी भुवईही उंचावली नाही.

ते प्रकरण आता लोक विसरलेत, म्हणून थोडं सांगतो. एनएसओ ही इस्रायली कंपनी म्हणते की हे हत्यार ती फक्त सरकारांना विकते. आमच्या सरकारने ते घेतलं की नाही? राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन हो किंवा नाही असं सरळ उत्तर सर्वोच्च न्यायालयातही दिलं नाही. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. 29 फोन तपासले, पाचांमध्ये काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं सिद्ध झालं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे 2022 च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. अहवाल बंद पाकिटात राहिला. म्हणजे ज्याच्या फोनमध्ये कुणी शिरलं त्यालाही कळायचं नाही की कोण शिरलं.

मला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न आधारच्या खटल्यात आला तेव्हा, 2015 साली, सरकारच्या वतीने अॅटर्नी जनरल रोहतगी यांनी सांगितलं की असा हक्क राज्यघटनेत नाहीच. त्यांनी ज्या जुन्या निकालांचा आधार घेतला त्यात 1962 चा खरक सिंग यांचा खटला होता. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला हा माणूस. तरी उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याच्या नावाचा कागद उघडून ठेवला आणि रात्री-बेरात्री त्याचं दार ठोठावून तो घरात आहे का ते पाहायचे. न्यायालयाने ते रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं, पण खासगीपणाचा वेगळा हक्क मानला नाही. तो मानायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावं लागलं. नऊ न्यायमूर्ती, एकमताने.

त्याच 2017 मध्ये निवडणूक रोख्यांची योजना मांडली गेली. कंपन्यांनी राजकीय पक्षांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा काढली. कुठल्या पक्षाला दिली हे हिशेबात दाखवायची गरजही काढली. का? तर देणगीदाराचा खासगीपणा जपायला हवा! शिंपीकाम करणाऱ्या बाईच्या बोटांच्या ठशांना खासगीपणा नाही म्हणणारं सरकार, कोट्यवधी देणाऱ्याच्या खासगीपणासाठी कोर्टात उभं राहिलं. पक्षांना पैसा कुठून येतो हे जाणण्याचा सर्वसाधारण हक्क नागरिकाला नाही, असं 2023 मध्ये नवे अॅटर्नी जनरल लेखी म्हणाले.

त्यातली गंमत अशी की रोखे पूर्ण गुप्त नव्हतेच. एका पत्रकार बाईंनी 2018 मध्येच रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले. साध्या डोळ्यांना न दिसणारा एक क्रमांक त्यावर होता, अतिनील प्रकाशात दिसणारा. म्हणजे कुणी कुणाला दिलं हे सरकारी बँकेला शोधता येत होतं. अंधारात होतो ते आपण.

15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींनी योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती. मुदत मिळाली नाही. मार्चमध्ये याद्या आल्या, मग ते क्रमांकही आले. सुमारे 16,518 कोटींचे रोखे विकले गेले होते. सगळ्यात मोठी खरेदी एका लॉटरीच्या कंपनीची, 1,368 कोटींची. त्या रात्री मी मोबाइलवर ती यादी अंगठ्याने सरकवत दोन वाजेपर्यंत जागा होतो. ओळखीचं नाव एकही नव्हतं, तरी झोप येईना.

जुम्म्याच्या बयानात हजरत उमर (रजि.) यांचे दोन किस्से हमखास येतात. एकात ते रात्री मदिनेच्या गल्लीत गस्त घालताना एका घरातून आवाज ऐकतात, भिंतीवरून चढून आत जातात आणि माणसाला दारू पिताना पकडतात. तो म्हणतो, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी, सलाम काही न करता घरात शिरलात. खलीफा मुकाट परत जातात. दुसऱ्यात ते मशिदीत बोलायला उभे राहतात तेव्हा एक साधा माणूस अडवतो: सगळ्यांच्या वाट्याला एकेकच कापड आलं, तुमचा एवढा मोठा कुर्ता कसा झाला? मग मुलगा उठून सांगतो की माझ्या वाट्याचं कापड मी अब्बांना दिलं. तेव्हा कुठे तो माणूस म्हणतो, आता बोला.

हे दोन्ही मी वर्गात सांगत आलोय. पण वेगवेगळ्या तासांना, एक सभ्यतेचा म्हणून आणि एक प्रामाणिकपणाचा म्हणून. मागच्या महिन्यात पहिल्यांदा एकाच तासाला सांगितले. एका पोराने विचारलं, "सर, आता तो कुर्त्याचं विचारायला गेला तर?" मी त्याला वही उघडायला लावली.

कारण उत्तर सोपं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे, आणि जनहित मोठं असेल तर ती द्यावी असं तिथेच लिहिलेलं होतं. आता 'व्यक्तिगत' एवढा शब्द पुरतो. जनहिताची एक वाट दुसऱ्या पोटकलमात उरली आहे खरी, पण तालुक्याच्या कार्यालयात ती कोण उघडून बघणार? आणि त्याच कायद्यात सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने मोकळीक देता येते.

माझं दुसरं अपील पडून आहे. दरम्यान मी एवढंच केलं की संमतिपत्रात काय लिहिलंय ते उर्दूत हाताने लिहून झेरॉक्स काढल्या आणि फॉर्मला टाचून दिल्या. सही नाही केली तरी चालते, हीही एक ओळ टाकली. आमची टक्केवारी घसरली. ग्रुपवर शाळा लाल झाली. मुख्याध्यापक रागावले नाहीत, फक्त "तुमच्या सर्व्हिसबुकाचा विचार करा" म्हणाले.

शिवणकाम करणाऱ्या आपांचा फॉर्म अजून आलेला नाही. परवा बाजारात भेटल्या. मी विषय काढला नाही. त्यांनीच विचारलं, "सर, पता लगा?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"फिर मेरे पासच रैने दो," त्या म्हणाल्या आणि मेथीचा भाव करायला वळल्या.