आमच्या घरचं जेवण

प्रथम वर्ष संपेपर्यंत "तुझ्या घरी कधी बोलावतोस?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. सोलापुरातल्या मित्रांच्या घरी मी अनेकदा जेवलो होतो. त्यांच्या आया आग्रह करून वाढायच्या आणि मला घास गिळताना आमचं पत्र्याचं घर आठवायचं. "मंगळवेढ्याकडं आमची शेती आहे," असं मी एकदा बोलून गेलो होतो. ते अगदीच खोटं नव्हतं. वडील शेतातच असतात. फक्त शेत दुसऱ्याचं असतं.

यंदा फेब्रुवारीत चौघांनी परस्परच रविवार ठरवला. मी शनिवारी गावी गेलो आणि आईला म्हणालो, "पुऱ्या आणि श्रीखंड कर."

"पुऱ्या खायाला येत्यात व्हय रं एवढ्या लांब? त्या घरी खात्यातच की."

आईचं ते बोलणं मला पटलं नाही, पण हातात पैसेही नव्हते. त्या रात्री मी आणखी एक गोष्ट केली. ती लिहिताना आजही पेन अडतं. ज्वारीची सुगी चालू होती, आबा रोजानं काढणीला जात होते. मी म्हणालो, "आबा, उद्या जरा उशिरानंच या." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

मंडळी एस.टी.नं मंगळवेढ्याला उतरली. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं देऊळ पाहून वडापनं आमच्या गावी आली. शेजारून तीन ताटं आणली होती. वांग्याचं कालवण, शेंगांची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चुलीवरची भाकरी. एका मैत्रिणीनं भाकरी थापायचा हट्ट धरला आणि ती काठवटीतच मोडली. "गव्हावानी चिकटपना नसतू हिला," आई म्हणाली. "पीठ ताजं लागतं, पानी कढत लागतं. शिळ्या पिठाची विरी जाती." आमच्यातल्या एका पंडितानं माहिती दिली, की मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आई म्हणाली, "मिळू दे की. खा तू." सगळे खळखळून हसले, आणि माझीही छाती जरा हलकी झाली.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तुझे वडील कुठं आहेत? आपण थांबायला हवं होतं."

"त्यांना उशीर होईल," मी म्हणालो.

"न्हाई," धाकटी बहीण म्हणाली, "आबा कवाच आल्यात. मारुतीच्या पारावर बसल्यात. दादानंच उशिरा या म्हटलंय."

चूल तेवढी आवाज करत होती. आई भाकरी उलटायची विसरली. मग एक मित्र उठला, हात धुतला आणि बाहेर पडला. थोड्या वेळानं तो आबांना घेऊन आला. आबा दाराशीच टेकत होते. त्यानं स्वतःचं ताट सरकवून जागा केली.

"काका, शेती किती आहे आपली?" त्यानं विचारलं. त्यानं ते सहज विचारलं की जाणून, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

"आपली कुठली? आम्ही रोजानं जातो," आबा म्हणाले. माझ्याकडं कुणीच पाहिलं नाही. आबा मात्र रंगात आले. ज्वारी मुळासकट कशी उपटायची, ओल उडाली की जमीन ताट कसं सोडत नाही, हे सांगता सांगता त्यांनी तळवे पुढं केले. मैत्रिणीनं त्यांच्या तळहातावरचे फोड पाहिले. मीही पाहिले.

संध्याकाळी त्यांना वडापात बसवून आम्ही दोघं परतलो. वाटेत आबा एवढंच म्हणाले, "त्या उंच पोरानं चार भाकरी खाल्ल्या." मला माफी मागायची होती, घर आलं तरी शब्द निघाला नाही.

परवा फोन केला, तर आबांनीच विचारलं, "पोरं परत कवा येनार हायती?"