पडवीतला बर्गर

आमच्या घरात मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. ते मागच्या पडवीत शिजतं, वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या पातेल्यात. ती पातेली, झारा, चमचे, ताटं सगळी न्हाणीशेजारच्या फडताळात असतात, घरात येत नाहीत. सासूबाई माळकरी. शेगावची वारी, गुरुवार, एकादशी, सगळं काटेकोर. बाकीच्यांनी खावं, याला त्यांची ना नाही. पण सीमा ठरलेली आहे आणि ती उंबऱ्यावरून जाते. खामगावात अशी घरं गल्लीगणिक सापडतील, त्यामुळे आम्हाला यात काही वेगळं वाटत नाही.

एअर फ्रायर आला तो मात्र उंबऱ्याच्या आत. ह्यांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि नणंदबाईंनी पुण्याहून लगोलग तो पाठवून दिला. सासूबाई दोन दिवस त्याच्याकडे लांबूनच बघत होत्या.

"तेल नाही, जाळ नाही, मंग शिजते कायनं?"

मी खालचा डबा काढून त्यांना आत वाकून बघायला लावलं. वर वेटोळ्याची कॉइल, तिच्यावर पंखा, आणि खाली जाळीचा डबा. संपलं यंत्र. कॉइल तापते, पंखा ती झळ जोरात खाली फेकतो, जाळीतून ती पदार्थाला चहूबाजूंनी लागून पुन्हा वर जाते. वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपारची झळ डब्यात कोंडली, एवढाच त्याचा शोध. फिलिप्सने 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला, तेव्हा कमी तेलातल्या बटाट्याच्या फिंगर चिप्स हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. सासूबाईंना चिप्सशी कर्तव्य नव्हतं. त्यांना जिंकलं ते शेगावच्या कचोरीनं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनवर सुरू केलेली ही कचोरी घरी आणेस्तोवर मऊ पडते, आणि तव्यावर गरम केली तर खालून करपते, वरून तशीच राहते. यात मात्र तिचं स्वतःचं तेल सुटून ती पुन्हा खुसखुशीत होते. त्या दिवसापासून यंत्र त्यांचं झालं.

मग फेब्रुवारीत माझा भाचा आला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो आणि खाण्याबद्दल फार बोलतो. यंत्र बघितल्याबरोबर म्हणाला, "मावशी, यात बार्बेक्यू चीजबर्गर करू." मी म्हटलं करू. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "काय घालते त्यात?" त्याने खरं सांगितलं.

"त्या डब्यात मटण गेलं तं माही कचोरी त्यात नाही हो बाप्पा."

भाच्याने तोड काढली. मटणासाठी जाळीचा दुसरा डबा मागवू, तुमचा वेगळा ठेवू. त्यांनी क्षणभर विचार केला. "डबा दुसरा आणशीन. वारा तं तोच हाय ना?"

यावर बोलायला जागा नव्हती. यंत्राची रचना माझ्यापेक्षा त्यांना जास्त नेमकी कळली होती. तोच पंखा, तीच कॉइल, आणि वर उडालेली चरबी तिथंच चिकटणार. शेवटी ह्यांनी निकाल दिला, की यंत्र पडवीत जाईल ते कायमचं. आईला कचोरीसाठी वेगळं बघू. एवढ्या एका बर्गरपायी यंत्राची जात बदलली.

पडवीत नेऊन ठेवणं सोपं होतं, चालवणं नव्हतं. पंधराशे वॉटचं यंत्र म्हणजे साडेसहा अँपिअर ओढणार. पडवीतल्या दिव्याच्या बोर्डावर ते लावलं असतं तर वायर तापली असती. वॉशिंग मशीनचा पॉवर पॉईंट तेवढा सोयीचा होता. म्हणून मशीन पुढे ओढली, तिच्यावर लाकडी पाट टाकला, पाटावर फ्रायर. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडली, कारण गरम वाफ तिकडून बाहेर पडते.

आता मटण. अमेरिकेत हा पदार्थ बीफचा. आपल्याकडे 1996 मध्ये मॅकडोनाल्ड आलं तेच बीफ आणि पोर्क वगळून, आणि बहुतेकांनी बर्गर पहिल्यांदा खाल्ला तो बटाट्याच्या टिक्कीचा. आम्ही बोकडाचा खिमा घ्यायचं ठरवलं. बोकडाचं मांस कोरडं, त्यात अंगची चरबी कमी. बर्गरला पाचवा हिस्सा तरी चरबी लागते, नाहीतर गरम वाऱ्यात त्याची वाळकी चकती होते. मटणवाल्याला वेगळी चरबी घालून खिमा कर म्हटलं तर तो सत्तूर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. लोक त्याला चरबी काढून टाकायला सांगतात. तरी त्याने ओंडक्यावर दोन्ही एकत्र बारीक ठोकून दिलं.

इथं माझं आणि भाच्याचं थोडं वाजलं. माझा हात आपसूक आलं-लसूण, कोथिंबीर, गरम मसाल्याकडे गेला. तो म्हणाला, मग ते कबाब होईल. त्याचं बरोबर होतं. त्याहून महत्त्वाचं त्याने मिठाबद्दल सांगितलं. मीठ खिम्यात आधीच मळलं तर मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि टिक्की रबरासारखी चिवट होते. म्हणून खिमा अगदी हलक्या हाताने गोळा करायचा, थापायचा, मधोमध अंगठ्याने खळगा द्यायचा, कारण शिजताना मध्य फुगतो, आणि मीठ-मिरी लावायची ती डब्यात ठेवताना, वरून. मळायची सवय असलेल्या हाताला खिमा न मळणं जड जातं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

टिक्की ठेवण्याआधी खालच्या डब्यात वाटीभर पाणी ओतलं. जाळीतून गळणारी चरबी तापल्या पत्र्यावर पडली की जळते, आणि तो धूर खवट, डोळ्याला झोंबणारा. पाण्यात पडली की गप्प बसते. म्हणजे बार्बेक्यू करायला निघालेलो आम्ही, आणि पहिलं काम केलं ते धूर विझवायचं!

खरी अडचण हीच होती. बार्बेक्यूचा जीव धुरात असतो. हे यंत्र धूर देतच नाही, किंवा देतं तो नको असलेला. भाचा म्हणाला, बाजारात धुराचा अर्क मिळतो, बाटलीत. आमच्या घरामागे पऱ्हाटीचा भारा रचलेला असताना मी बाटलीतला धूर विकत घेणार नव्हते.

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. या गावाला कापसाचं काय ते सांगायला नको. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो कापसासाठीच. आता गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं कृषी खातं वेचणीनंतरही झाडं राखून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा म्हणून सांगतं, त्यामुळे हिवाळा सरता सरता शेतातून भारे घरी येतात. ती भरभर पेटते, जाळ लगेच बसतो आणि निखारा उरतो तो बारीक, पण कडक. वांग्याच्या भरताला आमच्याकडे हाच जाळ. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तेव्हा ठरलं, मटण वाऱ्यावर आणि सॉस धुरावर. मटणाला हात लागायच्या आधीच, अंगणात तीन विटा मांडून पऱ्हाटी पेटवली. जाळ बसल्यावर निखाऱ्यात टमाटे, आख्खे कांदे आणि लसणाचे गड्डे ढकलले. टमाट्याची साल तडकली, रस निखाऱ्यावर पडून चुर्र वाजला आणि जो वास उठला त्याने शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. काळी साल सगळी काढली नाही, चिमूटभर राहू दिली. पाट्यावर वाटलं, घरातल्या पातेल्यात घातलं, गूळ, चिंचेचा कोळ, भिवापुरी मिरची, मोहरीची पूड आणि मीठ घालून आटवलं. अमेरिकेतही या सॉसचं एक रूप नाही. कॅन्सस सिटीकडे टमाटे आणि उसाची मळी घालून दाट आणि गोड, कॅरोलायनात व्हिनेगरचं पातळ आणि आंबट. आमचं कॅन्ससकडे झुकलं, कारण घरात गूळ होता आणि व्हिनेगर नव्हतं.

फ्रायर 190 अंशांवर तापवून टिक्क्या ठेवल्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा पंख्याचा आवाज बदलतो, म्हणजे वेळेवर विसंबून चालत नाही. खिम्याला बाहेरून रंग आला म्हणजे आत शिजलं असं होत नाही. भाच्याकडे सुईचा थर्मामीटर होता. मधोमध 71 अंश दिसले की काढायचं. अर्ध्यात एकदा पालटल्या, शेवटी शेवटी वरून सॉस माखला. तो सुरुवातीला लावला तर गूळ करपून कडू होतो.

चीजची गंमत वेगळीच. चकती वर ठेवून डबा सरकवला की पंखा तिला उचलतो. पहिली चकती कडेने उठून फडफडायला लागली तेव्हा भाच्याने डबा खसकन बाहेर ओढला. ती कॉइलला चिकटली असती तर घासण्यात दिवाळी झाली असती. म्हणून यंत्र बंद करायचं, चीज ठेवायचं आणि उरलेल्या उष्णतेत मिनिटभर तसंच राहू द्यायचं. पाकिटातलं प्रक्रिया केलेलं चीज फाटत नाही, तेल सोडत नाही, मऊ होऊन कडांवरून ओघळतं, कारण त्यातल्या क्षारांनी स्निग्धांश आणि पाणी एकत्र बांधून ठेवलेलं असतं. चीजच्या जाणकारांनी त्याला नाकं मुरडावीत. बर्गरवर मला तेच पाहिजे.

पाव बेकरीतले, चहाबरोबरचे, किंचित गोड. त्यांना दूध लावून तीळ चिकटवले आणि कापून त्याच डब्यात शेकले. आत कच्च्या कांद्याची चकती, टिक्की, त्यावर ओघळलेलं चीज, वर आणखी सॉस. काकडी-बिकडी काही घातलं नाही.

एक सांगते, हा बर्गर निवू द्यायचा नाही. बोकडाची चरबी लवकर गोठते आणि टाळूला चिकटून बसते. आम्ही पडवीतच उभ्याने खाल्ले. पहिल्या घासाला चीजचा खारटपणा, मग मांसाचा रस, आणि शेवटी जिभेच्या मागे पऱ्हाटीचा धूर. ज्यांच्या कोलेस्टेरॉलसाठी यंत्र आलं होतं त्यांनी दोन खाल्ले. "तेलाचा थेंब नाही ना यात," असं म्हणत खाल्ले.

सॉस मटणाआधी, घरातल्या पातेल्यात झालेला, म्हणून सासूबाईंना चालत होता. त्यांनी बोटाला लावून चाखला.

"टमाट्याचं भरीत हाय हे. गूळ कायले घातला?"

पण वाटीत आणखी घेतला. तोवर निखारे जिवंत होते. त्यांनी मला घरातून वांगं आणायला लावलं, ते स्वतः निखाऱ्यात पुरलं, सोललं, मीठ-तेल-मिरची घालून कुस्करलं. मग चीजचं पाकीट मागवून घेतलं आणि त्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून दोनदा तपासला. "दुधाचंच असते ना?" मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तव्यावर पाव शेकला, त्यात भरीत भरलं, वर चीजची चकती ठेवली आणि झाकण घातलं. भाचा दारातून बघत होता, उंबऱ्याच्या अलीकडून, कारण त्याचे हात मटणाचे होते.

त्यांनी सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"मीठ जास्त हाय याच्यात," त्या म्हणाल्या. "पुढच्या बारीले भरतात मीठ घालू नको."